आधी काय, मग काय: चाळिशीच्या चेहऱ्यासाठीचं रुटीन कोणत्या क्रमाने सुरू करायचं

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. सुरकुत्या आणि डागांसाठी काहीतरी मागायला येणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा आधीच पाच बाटल्या असतात: व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक, कुणाच्या तरी भाचीने सुचवलेलं नाइट क्रीम आणि एक फेसवॉश. पाचही एकाच रविवारी उघडलेल्या. तिसऱ्या आठवड्यात चेहरा लाल, हसलं तरी चुणचुणतं, आणि मग "मला काहीच सूट होत नाही हो." पाचांतलं नक्की काय नडलं ते त्यांना सांगता येत नाही, मलाही नाही.

कोणती बाटली चेहऱ्यावर आधी लावायची हे लोक विचारतात. कोणती बाटली कोणत्या महिन्यात उघडायची हे मात्र कुणीच विचारत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. खालचं रुटीन बसायला साधारण चार महिने लागतात आणि त्याचा फरक मोजायला सहा. पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी ते उपयोगाचं नाही.

टप्पा ०: हे वयाचंच आहे ना, ते बघा

आपल्या रंगाच्या त्वचेवर वय आधी सुरकुत्यांत दिसत नाही, रंगात दिसतं. गालावर वांग येतात, कपाळ आणि गाल वेगवेगळ्या रंगाचे दिसू लागतात, डोळ्यांखालचा भाग काळवंडतो. सुरकुत्या बऱ्याचदा त्यानंतर. म्हणून "मला अजून सुरकुत्या नाहीत, सनस्क्रीन कशाला" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

पण प्रत्येक काळेपणा वयाचा नसतो. मानेवर, काखेत किंवा कपाळाच्या कडेला मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा आला असेल, तर तो मळ नाही आणि ऊनही नाही. बरेचदा तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. पोरीची मान दगडाने घासून काढणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. घासून तो आणखी जाड होतो. तिथे क्रीम नको, रक्तातली साखर तपासा.

थांबा, आधी डॉक्टर:
- तीळ किंवा डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या होत आहेत, रक्त येतंय, किंवा एखादी जखम महिनाभर भरतच नाही.
- गरोदर आहात, किंवा त्या प्रयत्नात आहात. चौथा टप्पा, म्हणजे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुळातले घटक), तुमच्यासाठी नाही. बाळ अंगावर पीत असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच.
- एक्झिमा आहे, किंवा चेहरा सतत लाल होऊन तापतो.

टप्पा १: कपाट रिकामं करा

काही नवीन आणण्याआधी घरात काय आहे ते टेबलावर मांडा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशा तिघांचं मिश्रण असलेली क्रीम "गोरं होण्याची ट्यूब" म्हणून घरोघरी फिरतात. ती वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरती असतात. वर्षभर लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, तोंडावर लव वाढते. सुरुवातीला चेहरा काचेसारखा दिसतो, म्हणून कुणी सोडायला तयार होत नाही.

इशारा: अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर आजच फेकू नका. एकदम बंद केली की चेहरा उसळून येतो, आग होते, पुळ्या येतात, आणि माणूस घाबरून परत तीच लावतो. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. ते झाल्यावर या लेखाकडे या.

कंपनीचा पत्ता, घटक किंवा बॅच नंबर नसलेली गोरेपणाची डबी मात्र आजच बाहेर काढा. अशा डब्यांत पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडावर जातो.

स्वयंपाकघरातलंही थोडं आवरायला हवं. लिंबू त्वचेसाठी फारच आम्लधर्मी आहे, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात ते वेगळंच. खायचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यावर नकोत. अक्रोडाचा किंवा साखरेचा स्क्रब नको. डाळीच्या पिठाशी माझं वैर नाही, दिवाळीच्या उटण्याशी तर नाहीच. पण रोज घासून घासून लावायची ती वस्तू नव्हे. चौथ्या टप्प्यानंतर चेहऱ्यावर उटणंही मऊ हाताने, किंवा नुसतं अंगालाच.

टप्पा २: धुणं आणि ओलावा (आठवडा १ ते २)

हे दोन आठवडे फक्त दोनच गोष्टी, फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. सनस्क्रीन आधीपासून वापरत असाल आणि ते सोसत असेल तर चालू ठेवा. बाकी सगळं बंद.

फेसवॉश सौम्य हवा, दिवसातून दोनदा. सकाळी त्वचा कोरडी वाटत असेल तर नुसतं पाणी पुरतं. पाणी कोमट किंवा साधं. थंडीत कढत पाण्याची आंघोळ करताना तेच पाणी तोंडावर मारायची सवय असते, ती मोडा. अंगाचा साबण चेहऱ्याला नको.

तपासणी: धुतल्यावर पाच मिनिटं काहीच लावू नका. चेहरा ओढल्यासारखा, ताणलेला वाटतोय? मग फेसवॉश कडक आहे. "कचकचीत स्वच्छ" वाटणं ही चांगली खूण नाही.

मॉइश्चरायझर चेहरा किंचित ओला असतानाच लावायचा. मुंबई-कोकणच्या दमटपणात जेलसारखा हलका पुरतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात किंवा नाशिकच्या थंडीत क्रीम लागतं. घटकांत ग्लिसरीन आणि सेरामाइड दिसले तर उत्तम. किमतीवर जाऊ नका. दोनशे-तीनशे रुपयांची साधी, वास नसलेली ट्यूब हे काम चोख करते. खोबरेल तेल अंगाला ठीक, पण चेहऱ्यावर अनेकांची छिद्रं त्याने बुजतात. रात्री डोक्याला चोपडून झोपलात तर तेच तेल कपाळावर उतरतं आणि बारीक पुरळ उठतं. मग नवीन क्रीमवर खापर फुटतं.

दोन आठवड्यांनी आग, खाज, पापुद्रे काहीच नाही? पुढे चला. असेल तर अजून दोन आठवडे इथेच.

टप्पा ३: सनस्क्रीन (आठवडा ३ ते ६)

सगळ्यात जास्त फरक याने पडतो, आणि सगळ्यात वाईट पद्धतीने हेच वापरलं जातं.

ऑस्ट्रेलियात सनस्क्रीन रोज लावणारे आणि मनाला येईल तेव्हा लावणारे अशा दोन गटांची साडेचार वर्षं तुलना केली होती. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. रोजच्या गटात त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी भरलं. ती माणसं बहुतांशी गोरी होती, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा चिकटवू नये. त्यातून घ्यायचं ते "रोज" हे.

*काय घ्यायचं.* एसपीएफ ३० किंवा ५०. तीस अंक चेहरा भाजणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतो, पन्नास ९८ टक्के, म्हणजे नीट लावलं तर फरक थोडाच. सुरकुत्या आणि काळेपणा यांत मोठा हात असलेल्या यूव्हीए किरणांसाठी डबीवर "पीए" पुढचे अधिक बघा. तीन किंवा चार हवेत. वांग असतील तर आणखी एक अट घाला. सनस्क्रीन रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं आणि ते टिंटेड सनस्क्रीनमध्येच असतं. पांढरट थर बसतो ही तक्रारही त्याने कमी होते.

*किती.* डबीवरचा अंक प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. आपल्या हिशेबात तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत, अशा दोन रेघा चेहरा आणि मानेला. एकदम एवढं जिरत नाही, चिकट वाटतं. मग दोन हात द्या, आधी एक बोट, दोन मिनिटांनी दुसरं.

तपासणी: मी गिऱ्हाइकांना एकच विचारते, ट्यूब किती दिवस पुरली? ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावूनही महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. "अहो, मागच्या दिवाळीत घेतलेली अजून आहे" असं उत्तर आलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

*कधी.* बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं. उन्हात किंवा घामात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर कचेरीत, खिडकीपासून लांब बसत असाल तर दुपारी जेवायला बाहेर पडण्याआधी एकदा पुरे. पुन्हा लावताना तोंड धुवायची गरज नाही. घाम रुमालाने टिपा, घासू नका, आणि वरून लावा. पावडर किंवा फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. तो अंक गाठायला थापावी लागेल इतकी पावडर कुणीच थापत नाही.

*काचेचं काय.* यूव्हीए साध्या काचेतून आरपार येतात. अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आला होता. खिडकीकडचा डावा गाल वळ्या पडलेला, उजवा बराच तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, तेव्हा गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी आरशात उजवा गाल नीट बघावा. लोकलमध्ये रोज खिडकीची जागा मिळते म्हणून खूश असणाऱ्यांनीही. पावसाळ्यात ढग असले तरी सुट्टी नाही.

पुण्यातल्या बायका दुचाकीवर स्कार्फ गुंडाळतात ती पद्धत मला मनापासून पटते. दाट विणीचा गडद सुती स्कार्फ बरंच ऊन अडवतो. पण कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा पट्टा उघडा राहतो, नेमके तिथेच डाग दिसतात. स्कार्फखालीही सनस्क्रीन हवंच. आणि स्कार्फ धुवा हो, आठवड्यातून दोनदा तरी.

टिकली लावणाऱ्यांना एक अडचण येते. सनस्क्रीनवर टिकली टिकत नाही, म्हणून मग तेवढी जागा सोडून लावलं जातं. सगळीकडे लावा, दहा मिनिटं थांबा, टिकलीपुरती जागा टिशूने टिपा, मग टिकली. आणि टिकलीखाली पांढुरका ठिपका दिसायला लागला तर तो गोंदातल्या रसायनाचा परिणाम असू शकतो. टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांत उतरून झोंबतं ही तक्रार खरी आहे. भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं किंवा कांडीच्या रूपातलं वापरा, ते कमी ओघळतं.

"मग ड जीवनसत्त्वाचं काय?" ते कमी असण्याची शक्यता आपल्याकडे सनस्क्रीन न लावणाऱ्यांतही भरपूर आहे. रक्त तपासा, कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. त्यासाठी चेहरा उन्हात धरायला नको.

टप्पा ४: रेटिनॉइड (आठवडा ७ ते १४)

तीन आठवडे तरी सनस्क्रीन न चुकता जमलं असेल तरच हा टप्पा. जमलं नसेल तर मागे जा. रेटिनॉइड त्वचा नाजूक करतं, आणि त्यात ऊन लागलं तर फायद्यापेक्षा काळेपणाच पदरी पडतो.

ट्रेटिनॉइन, अडापलीन आणि रेटिनॉल ही तिन्ही रेटिनॉइडच. बारीक सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत ट्रेटिनॉइनइतका भक्कम पुरावा क्वचितच कशाला असेल. पण ते चिठ्ठीवरचं औषध आहे, माझ्याकडे "अर्धीच ट्यूब द्या" म्हणत येऊ नका. डॉक्टर सहसा ०.०२५ टक्क्यापासून सुरू करतात. अडापलीन मुळात मुरुमांचं औषध, त्रास कमी देतं. स्वतःहून सुरू करायचं तर सौंदर्यप्रसाधनातलं रेटिनॉल, ०.१ ते ०.३ टक्के. एक टक्क्याची बाटली "लवकर फरक" म्हणून घेऊ नका. लवकर फक्त चेहरा सोलवटतो.

आधी चाचणी: कानामागे किंवा जबड्याखाली तीन रात्री थोडंसं लावून बघा. खाज, फोड काही नाही? मग असं:

१. रात्री चेहरा धुवा, टिपून घ्या.
२. वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त आग होते. या वेळात दूध विरजून घ्या, ओटा आवरा.
३. ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीनचं बोट लावा.
४. मटाराच्या एका दाण्याएवढं घ्या. पूर्ण चेहऱ्याला एकच दाणा. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. डागावर जास्त थापून डाग लवकर जात नाही.
५. दहा मिनिटांनी मॉइश्चरायझर.

त्वचा कोरडी असेल तर रेटिनॉइडच्या आधीही मॉइश्चरायझरचा पातळ हात द्या. मध्ये औषध, वर-खाली क्रीम. थोडं मंद होतं, पण टिकून राहता येतं.

रात्रींचा हिशेब: सातवा-आठवा आठवडा फक्त सोमवार आणि गुरुवार. नवव्यापासून अकराव्यापर्यंत तीन रात्री. बाराव्यापासून एक रात्र आड. रोज लावलंच पाहिजे असं नाही. पन्नाशीच्या पुढे, पाळी थांबल्यावर त्वचा कोरडी पडते, तेव्हा कित्येकींना आठवड्याला तीनच रात्री मानवतात आणि त्या पुरतात.

काय चालेल, काय नाही: पहिले काही आठवडे थोडे पापुद्रे, किंचित लाली, जुन्या जागी चार पुळ्या चालेल. सतत आग, सूज, पाणी सुटणं, साधं मॉइश्चरायझरही झोंबणं चालणार नाही. बंद करा, आठवडाभर दुसऱ्या टप्प्यावर या, मग आठवड्याला एका रात्रीपासून पुन्हा. आपल्या त्वचेवर दाह झाला की मागे काळा डाग ठेवून जातो, तो जायला महिने लागतात. म्हणून "जळतंय म्हणजे काम करतंय" हे वाक्य विसरा.

ही चूक सगळ्याजणी करतात: पार्लर. ओठांवर किंवा गालावर वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी रेटिनॉइड थांबवा, नाहीतर केसाबरोबर कातडीही येते. थ्रेडिंगआधी दोन-तीन रात्री तरी सोडा. फेशियल आणि ब्लीच या काळात नकोच. लग्नसराईत हे आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टप्पा ५: आणखी एकच (आठवडा १५ पासून)

आता एक बाटली वाढवता येईल. वाढवलीच पाहिजे असं नाही.

मुख्य तक्रार निस्तेजपणाची असेल तर सकाळी, सनस्क्रीनच्या आधी व्हिटॅमिन सी. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के. वीसच्या वर गेलं की फायदा वाढत नाही, चुणचुण वाढते. बाटली गडद रंगाची, लहान. चहासारखा रंग आला की टाकून द्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती बाथरूमच्या खिडकीत महिनाभरही नीट राहत नाही, फ्रिजच्या दारात ठेवा. त्वचा लवकर चिडत असेल तर त्याऐवजी नायसिनामाइड ४-५ टक्के. वांग असतील, किंवा गरोदरपणामुळे चौथा टप्पा गाळला असेल, तर ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारा.

ग्लायकोलिक किंवा इतर ॲसिड घ्यायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, रेटिनॉइड नसलेल्या रात्री. कोलेजनचं क्रीम गालावर लावून गालात कोलेजन जात नाही, तो रेणू त्यासाठी फार मोठा आहे. ते चांगलं मॉइश्चरायझर असू शकेल, पण त्यासाठी दीड हजार मोजायला नकोत.

सगळं बसल्यावर क्रम असा:
सकाळी: धुणं, व्हिटॅमिन सी, मॉइश्चरायझर (दमट हवेत गाळला तरी चालेल), सनस्क्रीन, मेकअप, टिकली.
रात्री: धुणं, वीस मिनिटं, रेटिनॉइड, मॉइश्चरायझर. मेकअप किंवा जाड सनस्क्रीन असेल तर आधी क्लिन्झिंग बामने उतरवा.

मान आणि हात विसरू नका. चेहरा चाळिशीचा आणि हात साठीचे, हे आमच्या काउंटरवर पैसे घेताना रोज दिसतं. सनस्क्रीन हातांच्या पाठीवरही. भांडी घासून झाली की पुन्हा. मानेला रेटिनॉइड मात्र जपून, आठवड्याला एक रात्र, कारण ती कातडी लवकर चिडते. मंगळसूत्राच्या आसपास बॉडी स्प्रे मारत असाल तर तो कपड्यांवर मारा.

टप्पा ६: मोजायचं कसं

पहिल्या दिवशी एक फोटो काढा. तीच खिडकी, सकाळची तीच वेळ, फिल्टर नाही, चेहरा धुतलेला. नंतर बाराव्या आठवड्यात, मग सहाव्या महिन्यात. रोज आरशात बघून काही कळत नाही. त्वचेचा पोत आणि रंगाचा एकसारखेपणा साधारण तीन महिन्यांत बदलायला लागतो, बारीक सुरकुत्यांना सहा महिने आणि जास्त. कपाळावरच्या खोल आडव्या रेघा, हनुवटीखाली लोंबलेली कातडी आणि गालातली गेलेली भर कुठल्याच ट्यूबने परत येत नाही. ते काम त्वचारोगतज्ज्ञाच्या खोलीतलं, आणि ते करायचं की नाही हा प्रश्न वेगळा.

सहाव्या महिन्याच्या फोटोत काहीच फरक नाही? नवीन बाटली घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा: सनस्क्रीनची ट्यूब किती दिवसांत संपली, मे महिन्यात किंवा गणपतीच्या धावपळीत किती रात्री सुटल्या, आणि घरात कुणी तंबाखू किंवा सिगारेट ओढतं का, ते तुम्हीच तर नाही ना. तिन्हींची उत्तरं स्वच्छ असतील तर तेच फोटो आणि सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. रिकाम्या झालेल्या ट्यूबाही न्या. नाव आठवत नाही म्हणून "ती निळ्या झाकणाची" असं सांगावं लागलं, तर डॉक्टरांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.